टॉमकॅट उठत नाही तेव्हा

तू लिहिलंयस, की आत्या, टॉमकॅट बसवलं, सर्व्हिस सुरू आहे असं लिनक्स सांगतंय, पण ब्राउझरमध्ये काहीच उमटत नाही. आता सगळं उडवते आणि पहिल्यापासून बसवते. पोरी, तेवढं करू नकोस. पुन्हा बसवल्यावर कधी कधी चालतं, हे खरं आहे. पण आधी का चालत नव्हतं ते कळत नाही, आणि तीच अडचण काही महिन्यांनी ग्राहकाच्या मशीनवर रात्री उशिरा पुन्हा समोर येते. बिघडलेलं इन्स्टॉलेशन हा पुरावा असतो. तो पुसायचा नाही, वाचायचा.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं लिनक्सवर वेब ॲप्लिकेशनचे सर्व्हर उभे करण्यात गेली, आणि त्यातही टॉमकॅटच जास्त. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आपला सर्व्हलेटचा कोड अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला, तिथून ते वाढलं. इतक्या वर्षांत आवृत्त्या बदलल्या, पण अडायच्या जागा फारशा बदललेल्या नाहीत. त्या जागा मला माझ्या वरिष्ठांनी शेजारी बसवून दाखवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगितली होती: नेमकं कोण नाही म्हणतंय ते कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. जावा, टॉमकॅट, सिस्टमडी, फाइलची परवानगी, एसई लिनक्स, फायरवॉल, पुढचं एनजिनएक्स, मागचा डेटाबेस, यांपैकी कुणीतरी एक जण नाही म्हणत असतो, आणि बहुधा कुठल्या तरी फाइलीत तसं लिहूनही ठेवतो.

तेव्हा आतून बाहेर ये. आधी त्याच मशीनवर लॉगिन करून कर्लने लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टला हाक मार. उत्तर आलं तर टॉमकॅट जिवंत आहे आणि माशी बाहेर शिंकली आहे. मग फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप, एनजिनएक्स, डीएनएस यांच्याकडे बघ. उत्तर नाही आलं तर बाहेरच्या कशाचंही नाव घेऊ नकोस. या एका आज्ञेने अर्धं रान मोकळं होतं. तरीही बहुतेक जण लॅपटॉपवरच्या ब्राउझरमधून रिफ्रेश दाबत बसतात आणि फायरवॉल बंद करण्यापासून सुरुवात करतात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

नकार कोणत्या शब्दांत आला तेही नीट वाच. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तू मशीनपर्यंत पोचलीस, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळतंय; क्लाउडचे सिक्युरिटी ग्रुप असंच करतात. आणि 'नो रूट टू होस्ट' आलं तर नेटवर्क टीमला फोन लावण्याआधी फायरवॉलडी बघ. रेड हॅट, रॉकी, अल्मा या घराण्यात फायरवॉलडी पॅकेट नाकारताना जो निरोप पाठवतं, तो समोरच्याला असाच दिसतो. रस्ता शाबूत असतो, फक्त पोर्ट उघडलेलं नसतं.

पोर्टवर कोण ऐकतंय हे एसएस ही आज्ञा सांगते. तिला एल, टी, एन, पी ही चार अक्षरं जोड आणि सुडोने चालव, म्हणजे प्रोसेसचं नावही दिसेल. तिथे ८०८० च्या ओळीत फक्त आयपीव्ही६ दिसलं म्हणून घाबरू नकोस. जावा सहसा एकच सॉकेट उघडते आणि लिनक्सवर तेच सॉकेट जुन्या आयपीव्ही४ वरची हाकही घेतं. मात्र पत्ता १२७.०.०.१ असा दिसला तर बाहेरून कधीच काही येणार नाही, फायरवॉल कितीही उघडी ठेवलीस तरी. ८०८० वर आधीच दुसरं कुणी बसलेलं असेल तर टॉमकॅट 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून ओरडतं. हा दुसरा बऱ्याचदा जुना टॉमकॅटच असतो, नीट बंद न झालेला. त्याचं ८००५ हे बंद करण्याचं पोर्टही बघायला विसरू नकोस. एकाच मशीनवर दोन टॉमकॅट ठेवताना लोक ८०८० बदलतात आणि ८००५ तसंच सोडतात.

आता तुझं 'सर्व्हिस सुरू आहे'. सिस्टमसीटीएलने हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह रनिंग' दाखवलं, याचा अर्थ एवढाच, की जावाची प्रोसेस मेलेली नाही. तिच्या आत तुझं ॲप्लिकेशन उभं राहिलं की नाही, हे सिस्टमडीला ठाऊक नसतं. ते कळतं लॉगमधून, आणि इथे जरा थांबून शिकण्यासारखं आहे.

टॉमकॅटची एकच लॉग फाइल नसते. सगळे कॅटालिना डॉट आउट उघडतात. त्यात एक ओळ फार वेळा येते: 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट', आणि पुढे, की सविस्तर माहिती योग्य त्या कंटेनरच्या लॉगमध्ये आहे. इथे नव्या पोरांचं घोडं अडतं. योग्य ती लॉग म्हणजे त्याच फोल्डरमधली लोकलहोस्ट नावाची, त्या दिवसाच्या तारखेची फाइल. ॲप्लिकेशन उभं राहताना का कोसळलं, याची खरी कहाणी तिथे असते. उबंटू किंवा डेबियनच्या पॅकेजमधून बसवलं असेल तर हे फोल्डर व्हारच्या लॉगखाली असतं, हाताने ऑप्टखाली उतरवलं असेल तर टॉमकॅटच्याच लॉग्ज फोल्डरमध्ये. सिस्टमडीकडे गेलेला भाग जर्नलसीटीएलला यू आणि सर्व्हिसचं नाव देऊन वाच. स्टेटसमध्ये शेवटच्या दहाच ओळी दिसतात, आणि त्या दहांत मूळ कारण क्वचितच असतं.

फाइल उघडलीस की शंभर-दोनशे ओळींचा स्टॅक ट्रेस दिसेल. वरची पहिली ओळ वाचून निष्कर्ष काढू नकोस. तिथे 'एरर क्रिएटिंग बीन' असं स्प्रिंगचं लांबलचक रडगाणं असतं. अमुक बीन झालं नाही कारण तमुक झालं नाही. 'कॉज्ड बाय' हे शब्द शोधत खाली ये. प्रत्येक 'कॉज्ड बाय' एक पायरी खोल नेतो, आणि सगळ्यात शेवटचा तुला हवा असतो. समज वर बीनची तक्रार आहे, मध्ये हायबरनेटची, त्याखाली 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर', आणि तळाशी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे बीन, स्प्रिंग, हायबरनेट सगळे निर्दोष. डेटाबेसच्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. मारियाडीबी बंद असेल, किंवा ती वेगळ्या मशीनवर असून तिचा बाइंड ॲड्रेस अजून १२७.०.०.१ असेल. तळाशी 'ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर' असतं तर डेटाबेस जिवंत आहे, पासवर्ड किंवा यूजरच्या पुढचं होस्टनाव चुकलं आहे. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये एकच नाव लोकलहोस्टवरून आणि दुसऱ्या पत्त्यावरून आलं, तर ते दोन वेगळे यूजर धरले जातात. दोन नकार, दोन संपूर्ण वेगळे इलाज, आणि वरच्या पन्नास ओळी दोन्हींत सारख्याच.

हेही लक्षात ठेव, की लॉगमधली पहिली चूक शोधायची असते, शेवटची नाही. एक गोष्ट पडली की तिच्यामागून दहा पडतात. सर्व्हिस थांबव, जुन्या लॉग बाजूला हलव, एकदाच सुरू कर आणि पहिली 'सिव्हिअर' कुठे आली ते बघ. त्या पहिल्या नोंदीत खोल शिरून तळाचं कारण गाठायचं.

जावाच्या आवृत्तीचं दुखणं लवकर ओळखता येतं, म्हणून थोडक्यात सांगते. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' आलं की त्यातला आकडा बघ: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ॲप्लिकेशन नव्या जावावर बांधलंय आणि सर्व्हरवर जुनी आहे, एवढाच अर्थ. टॉमकॅट ९ ला किमान जावा ८ लागते, १०.१ ला ११ आणि टॉमकॅट ११ ला १७.

टॉमकॅट ९ वरून १० वर जाणं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि तिथे पुष्कळ जण फसतात. ओरॅकलने जावा ईई इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, पण जावाएक्स हे पॅकेजचं नाव पुढच्या बदलांसाठी वापरायला मोकळीक मिळाली नाही. म्हणून २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ पासून जावाएक्स सर्व्हलेटचं जकार्ता सर्व्हलेट झालं. टॉमकॅट १० फक्त नवीन नाव ओळखतं. जुनी वॉर फाइल त्यावर टाकलीस तर कधी 'जावाएक्स सर्व्हलेट सापडत नाही' अशी सरळ तक्रार येते. कधी मात्र लॉगमध्ये काहीच नसतं, डिप्लॉय झाल्याची नोंद असते, आणि प्रत्येक पानावर ४०४. डेबियन १२ मध्ये पॅकेजमधून टॉमकॅट १० च मिळतं, त्यामुळे जुनं मशीन बदलून नवं घेतलं आणि तीच वॉर टाकली, की हे हटकून होतं. तात्पुरती सोय आहे: वॉर वेबॲप्सऐवजी वेबॲप्स-जावाईई या फोल्डरमध्ये टाकली, की टॉमकॅट १० ती स्वतः रूपांतरित करून घेतं. पण डेव्हलपरांना कोड बदलायला लावणं हाच खरा मार्ग.

मी सर्वांत जास्त पाहिलेली तक्रार म्हणजे, 'टर्मिनलवरून चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही.' हे ऐकलं की मला हायसं वाटतं, कारण त्यामागचं कारण ठरलेलं असतं. टर्मिनलवर तू असतेस: तुझं नाव, तुझी बॅशआरसी, तुझा जावा होम, तुझ्या परवानग्या. सर्व्हिस टॉमकॅट नावाच्या यूजरने चालते आणि सिस्टमडी तुझी बॅशआरसी वाचत नाही. एक्सपोर्ट केलेलं काहीही तिथे पोचत नाही. जावा होम आणि मेमरीची सेटिंगं युनिट फाइलमध्ये किंवा बिन फोल्डरातल्या सेटईएनव्ही डॉट एसएचमध्ये लिही. पॅकेजने दिलेली युनिट फाइल खोदू नकोस. अपडेट आलं की ती बदलली जाते. सिस्टमसीटीएल एडिट वापर, ते तुझा बदल वेगळ्या फाइलीत ठेवतं. हाताने फाइल बदललीस तर डीमन-रीलोड केल्याशिवाय सिस्टमडी जुनंच धरून बसतं.

युनिट फाइल स्वतः लिहिलीस तर टाइपकडे लक्ष दे. स्टार्टअप डॉट एसएच जावाला मागे सोडून स्वतः संपतं, म्हणून त्याला फोर्किंग लागतं. कॅटालिना डॉट एसएच रन पुढ्यातच चालत राहतं, त्याला सिंपल. स्टार्टअप डॉट एसएचला सिंपल दिलंस तर सिस्टमडीला वाटतं काम संपलं, आणि ते मागे राहिलेली जावाही मारून टाकतं. मग सर्व्हिस सुरू होऊन लगेच बंद पडते आणि लॉगमध्ये चूक म्हणावी असं काही सापडत नाही. स्टेटसमधले आकडेही बोलके असतात. २०३ आणि एक्सेक म्हणजे प्रोग्राम चालवताच आला नाही: वाट चुकली, चालवण्याची परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहिल्याने ओळींच्या शेवटी नको ते अक्षर आलंय. २१७ म्हणजे तो यूजरच नाही. १४३ दिसला तर काळजी नको. बंद करायला सांगितल्यावर जावा असंच निरोप घेते. १३७ मात्र गंभीर, त्याकडे पुढे येते.

आता परवानग्या. यातलं सर्वांत वाईट वळण म्हणजे सगळ्या फोल्डरला ७७७ देणं. त्याने चालू झालं तरी काय अडलं होतं ते कळत नाही, आणि मशीनवरच्या कुणालाही तुझ्या ॲप्लिकेशनचा कोड बदलता येतो. मी हे कधीही खपवून घेतलं नाही, तूही घेऊ नकोस. त्याऐवजी नेमआय ही आज्ञा एल लावून पूर्ण वाटेवर चालव. मुळापासून फाइलीपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि हक्क ती ओळीने मांडते, आणि कोणत्या पायरीवर दार बंद आहे ते तिथल्या तिथे दिसतं. बऱ्याचदा फाइलचे हक्क बरोबर असतात, पण ती कुणाच्या तरी होम फोल्डरात असते आणि तिथे टॉमकॅटला शिरताच येत नाही.

आणखी एक: कुणीतरी एकदा, फक्त बघायला, रूटने स्टार्टअप चालवलेलं असतं. तेवढ्याने वर्क, टेम्प आणि लॉग्जमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात, आणि पुढे टॉमकॅट यूजरला त्यांत लिहिता येत नाही. फाइंडला 'टॉमकॅटच्या मालकीचं नसलेलं दाखव' असं सांग. त्या फोल्डरांत अशी एक फाइल जरी मिळाली तरी कोडं सुटलं.

हक्क बरोबर, मालक बरोबर, तरी लिहिता येत नाही, असं झालं तर दोन जणांवर संशय घे. डेबियन आणि उबंटूच्या टॉमकॅट पॅकेजमध्ये सिस्टमडीचं कुंपण असतं, प्रोटेक्ट-सिस्टिम स्ट्रिक्ट नावाचं. त्यामुळे टॉमकॅटला त्याची लॉग, वेबॲप्स अशी मोजकी ठिकाणं सोडून अख्खी डिस्क फक्त वाचण्यापुरती दिसते. तुझं ॲप्लिकेशन अपलोड झालेल्या फाइली समज एसआरव्हीखाली ठेवतं, तर लॉगमध्ये 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' येईल. माणसं डिस्क खराब झाली म्हणून धावतात, माउंट तपासतात, आणि तिथे सगळं ठीक असतं. सिस्टमसीटीएल एडिटमध्ये सर्व्हिसच्या भागात रीड-राइट-पाथ्स लिहून तेवढं एक फोल्डर मोकळं कर, रीस्टार्ट कर, झालं. त्याच कुंपणाचा भाऊ म्हणजे प्रायव्हेट-टेम्प: तू टेम्पमध्ये ठेवलेली फाइल टॉमकॅटला दिसत नाही, कारण त्याचं टेम्प वेगळं असतं.

रेड हॅटच्या घराण्यात दुसरा संशयित एसई लिनक्स. हे अगदी जवळून बघ. पुढे एनजिनएक्स, मागे टॉमकॅट. कर्लने ८०८० वर उत्तर येतंय, पण एनजिनएक्सवरून ५०२. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ओळ असते, की १२७.०.०.१ च्या ८०८० ला जोडता आलं नाही, आणि कंसात एक आकडा. तो १११ असेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड': टॉमकॅट बंद आहे किंवा पोर्ट चुकलं. तो १३ असेल तर 'परमिशन डिनाइड': जोडणी करायलाच मनाई आहे, आणि नेटवर्कच्या जोडणीला अशी मनाई करणारा इथे एसई लिनक्सच असतो. सेटएसईबूलने एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट ही कळ चालू कर, मोठ्या पी सकट, नाहीतर रीबूटनंतर ती पुन्हा बंद. एसई लिनक्स कायमचं बंद करा, असा सल्ला तुला ठिकठिकाणी मिळेल. तो ऐकू नकोस. एयूसर्चला एव्हीसी नोंदी मागितल्या तर त्याने काय अडवलं ते शब्दशः सांगतं. इतका बोलका पहारेदार बंद कशाला करायचा? फाइल होममधून एमव्हीने हलवलीस तर ती जुनं लेबल घेऊन येते, तेव्हा रिस्टोरकॉन चालव.

एनजिनएक्समागे टॉमकॅट असलं, की चुकीचं पान नेमकं कुणी दिलं तेही बघावं. ४०४ च्या पानाखाली अपाची टॉमकॅट लिहिलंय की एनजिनएक्स, यावरून कुठली सेटिंग फाइल उघडायची ते ठरतं. ५०२ म्हणजे मागच्याशी बोलणंच जमलं नाही. ५०४ म्हणजे बोलणं सुरू झालं, पण उत्तर वेळेत आलं नाही, आणि ही वेळ मुळात ६० सेकंद असते. फाइल अपलोड करताना ४१३ आला तर तो एनजिनएक्सचा १ एमबीचा मूळ नियम. टॉमकॅटपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. टॉमकॅटचाच ४०४ असेल तर वॉर फाइलचं नाव बघ. नाव हाच पत्ता असतो आणि लिनक्सवर लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. विंडोजवर चाललेला लोगोचा फोटो इथे दिसत नाही, तो याच कारणाने. मोठी वॉर थेट वेबॲप्समध्ये कॉपी करू नकोस. कॉपी अर्धी असतानाच टॉमकॅट ती उघडायला घेतं आणि झिप फाइल खराब असल्याचं सांगतं. त्याच डिस्कवर शेजारच्या फोल्डरात उतरवून घे, मग एमव्हीने आत सरकव.

मेमरी आणि डिस्क हे कंटाळवाणे विषय आहेत, पण तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही. १३७ आकडा दिसला किंवा टॉमकॅट एक अक्षरही न लिहिता मेलं, तर कर्नलची लॉग वाच. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' असेल तर कर्नलने मशीन वाचवायला जावाला मारलंय. हे जावाच्या स्वतःच्या आउट-ऑफ-मेमरी-एररपेक्षा वेगळं, आणि इलाजही बहुधा उलटा: तिथे हीप वाढवण्याचा विचार करतात, इथे वाढवलीस तर आगीतून फुफाट्यात. डिस्कसाठी डीएफ एच लावून आणि आय लावून, दोन्ही बघ. जागा शिल्लक असून आयनोड संपलेले असू शकतात. कॅटालिना डॉट आउट आपणहून कापली जात नाही, ती वाढतच जाते. चालू टॉमकॅटखालून ती फाइल पुसलीस तरी जागा सुटत नाही. लॉगरोटेट लाव, कॉपी-ट्रंकेटसकट.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी, ज्या परदेशी पुस्तकांत सहसा नसतात. सर्व्हरची वेळ भारतीय ठेवलीस आणि मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर जुना असला, तर तो म्हणतो, की 'आयएसटी' हे नाव ओळखता येत नाही किंवा ते एकाहून अधिक वेळांना लागू पडतं. त्याचं म्हणणं रास्त आहे. इस्रायल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात. जोडणीच्या पत्त्यात सर्व्हर-टाइमझोन एशिया-कोलकाता असं पूर्ण लिही.

दुसरी मराठीची. पडद्यावर मराठी नीट दिसते, पण पीडीएफमध्ये रिकामे चौकोन येतात. तो कोडचा दोष नसतो; सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसतो. एफसी-लिस्टला मराठीची एमआर ही खूण देऊन विचार; यादी रिकामी आली तर लोहित किंवा नोटो देवनागरी बसव. चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हं आली तर ती वेगळी भानगड: मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर यूटीएफ-८ सुटलंय. डेटाबेसचा टेबल, जोडणी, आणि सर्व्हिसचं लोकेल हे तिन्ही बघ. कंटेनरमध्ये लोकेल बहुधा ठरवलेलंच नसतं, आणि मग मराठी नावाची अपलोड केलेली फाइल प्रश्नचिन्हांच्या नावाने साठते. जावा १८ पासून मजकुराचं मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, तरी फाइलींची नावं अजून लोकेलवरच चालतात. एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, म्हणून हे पहिल्या दिवशीच एखादा जोडाक्षरांचा मराठी शब्द भरून तपास. एका ठिकाणी शेकडो अर्जदारांची नावं अशी गेली आणि ती कागदावरून पुन्हा भरावी लागली, हे मी पाहिलं आहे.

मॅनेजर ॲपबद्दल कडक शब्दांत सांगते. ते बाहेरून उघडलं तर ४०३ येतो, कारण फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्याला परवानगी असते. हा बिघाड नाही. ते बंधन काढून सोपा पासवर्ड ठेवणं म्हणजे कुणालाही तुझ्या सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्राम चढवू देणं. अशी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. लागत नसेल तर मॅनेजर काढूनच टाक, लागत असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून वापर. तसंच जुन्या मशीनवरची सर्व्हर डॉट एक्सएमएल जशीच्या तशी नव्यावर आणू नकोस. २०२० मध्ये ८००९ वरच्या एजेपीत घोस्टकॅट नावाचं भोक सापडलं, त्यानंतर एजेपी मुळात बंद ठेवलं गेलं आणि चालू करायचं तर गुपित शब्द देणं सक्तीचं झालं. जुनी फाइल आणलीस तर तो कनेक्टर उठणारच नाही, आणि ते योग्यच आहे.

काम करताना एका वेळी एकच बदल, आणि बदलाआधी फाइलची तारीख घातलेली प्रत. जो बदल उपयोगी पडला नाही तो लगेच मागे घे. न घेतलेले असे पाच-सहा बदल साठले, की शेवटी चालू झालेला सर्व्हर कशाने चालू झाला हे कुणालाच सांगता येत नाही. शेजारी साधी टेक्स्ट फाइल उघडी ठेव: काय बदललं, काय दिसलं, किती वाजता. जावा आणि टॉमकॅटची आवृत्ती, यूजर, पोर्ट, डेटाबेसचा पत्ता तिच्याच डोक्यावर लिही. पासवर्ड मात्र तिथे नको.

आणि सगळं चालू झालं, ग्राहकाने पान बघितलं, तरी उठू नकोस. मशीन रीबूट कर. सिस्टमसीटीएलने स्टार्ट केलंस पण एनेबल केलं नाहीस, फायरवॉल-सीएमडीला पर्मनंट लावलं नाहीस, सेटएसईबूलला मोठा पी राहिला, किंवा टॉमकॅट मारियाडीबीच्या आधी उठतंय आणि युनिटमध्ये आफ्टरची ओळच नाही, तर ते आत्ता कळेल, तू समोर असताना. रीबूटनंतर कशालाही हात न लावता, बाहेरच्या मशीनवरून लॉगिनचं पान उघडलं आणि एक मराठी नाव साठवून परत वाचता आलं, की मगच इन्स्टॉलेशन पूर्ण झालं असं लिहून दे. आज आधी लोकलहोस्ट नावाची ती तारखेची फाइल उघड, आणि तिच्यातला शेवटचा 'कॉज्ड बाय' मला पाठव.